पाला पेटवायचा नसेल तर काय करायचं: निपाणी ते खानापूर पट्ट्यासाठी सुगीनंतरची कामं

ऊसतोड टोळी फडातून बाहेर पडली की चार दिवसांत कुणीतरी काडी ओढतोच. आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी, कागवाड, सगळीकडं नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळचं आभाळ धुरकट असतं. पेटवणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गुडघाभर पाल्यात पाणी पुढं सरकत नाही, पाय घालायला जागा नसते, उंदीर होतात, आणि पाला सरीत ओढायला माणूस मिळत नाही. मग कुणीतरी दुकानातून पाचट कुजवायच्या जिवाणूची बाटली आणतो, पंपात घालून पाल्यावर मारतो. महिन्यानं बघावं तर पाला तसाच पिवळा, कडकडीत. "ते जिवाणू-बिवाणू काही खरं नाही" असं पारावर ठरतं आणि पुढच्या वर्षी परत काडी.

जिवाणू खरे आहेत, चुकतं ते आपलं गणित. बाटलीतले जिवाणू म्हणजे बाहेरून आणलेली टोळी. तिला पाणी आणि पोटाला नसेल तर ती कोयता उचलत नाही. पाला कुजायला चार गोष्टी लागतात: ओल, नत्र, मातीचा स्पर्श आणि पाल्याचे लहान तुकडे. या चार असतील तर बाटली न ओतताही पाला कुजतो, फक्त उशिरा. या नसतील तर दहा बाटल्या ओतून उपयोग नाही. म्हणून पैसे मोजके असतील तर आधी युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाण्याची सोय बघा, संवर्धन, म्हणजे बाटलीतले किंवा पुड्यातले कुजवणारे जिवाणू, त्यानंतर.

नत्राचं गणित एकदा समजून घेतलेलं बरं. उसाच्या पाचटात साधारण ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद, ०.७ ते १ टक्का पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे एका टनात ३५० किलोच्या आसपास कर्ब आणि जेमतेम ५ किलो नत्र, ७० ला १ असं प्रमाण. बुरशी आणि जिवाणूंना जोमानं वाढायला हे प्रमाण २५ ते ३० ला १ च्या जवळ लागतं. पाल्यात नत्र नाही म्हटल्यावर ते जमिनीतलं ओढून घेतात आणि तोडलेल्या बुडातून परत फुटलेला ऊस, म्हणजे खोडवा, दीड महिन्याचा असताना पिवळा पडतो. लोक म्हणतात, पाल्यानं ऊस खाल्ला. टनाला ८ किलो युरिया टाकला की त्यातून पावणेचार किलो नत्र मिळतं आणि प्रमाण ४० वर येतं. पाल्यातला लवकर कुजणारा भाग तेवढ्यावर चांगला वाटेला लागतो.

एकरी साडेतीन ते चार टन पाला निघतो. चार टनांत २८ ते ४० किलो पालाश असतो, तो काही फुकट जाण्यासारखा नाही. पेटवल्यावर नत्र आणि कर्ब धुरात जातो. पालाश राखेत उरतो, पण पहिल्या वाऱ्यात तीही शेजाऱ्याच्या बांधावर.

उसाचा खोडवा: तोडणीपासून पहिल्या भरणीपर्यंत

वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना जातात, ते आधी उचलून घ्या. मग फड एकदा फिरून बघा. काणी, गवताळ वाढ किंवा लाल कूज जागोजाग असेल, खवले कीड चढलेली असेल, तर त्या फडाचा खोडवा ठेवण्याचाच फेरविचार करा. तिथं पाला सरीत दाबण्याची पद्धत लावू नका. निरोगी फडासाठीच पुढचं सगळं.

पहिलं काम बुडख्यांवरचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या खुंटांवरचा, पाला बाजूला करण्याचं. वरंब्यावरचे बुडखे उघडे झाले पाहिजेत आणि पाला मधल्या सरीत गेला पाहिजे. बुडखे झाकलेले राहिले तर कोंब पाल्याखाली पांढरे, लांबडे होतात आणि फुटवा कमी येतो. सरी साडेचार-पाच फुटांची असेल तर प्रत्येक सरीत पाला बसतो. तीन फुटांची जुनी सरी असेल तर दोन सऱ्यांचा पाला एका सरीत घ्या, म्हणजे एक आड एक सरी मोकळी राहते. या पद्धतीत बगला फोडायच्या नाहीत, नांगरट नाही, त्यामुळं पाला ओढायच्या मजुरीतली बरीचशी रक्कम इथं परत येते.

दुसरं, बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. टोळीनं वर ठेवलेल्या कांड्यावरचे डोळे फुटतात, पण त्यांना स्वतःच्या मुळ्या नीट येत नाहीत. छाटलेल्या बुडख्यांवर लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम फवारायची शिफारस आहे. इथं एक गोष्ट बहुतेक माहितीपत्रकांत सुटलेली असते. पाचट कुजवणाऱ्या संवर्धनात ट्रायकोडर्मासारख्या बुरशी असतात आणि कार्बेन्डाझिम बुरशीच मारतं. सकाळी औषध आणि दुपारी त्याच सरीत ट्रायकोडर्मा म्हणजे स्वतःच्या हातानं पैसे पाण्यात. औषध मारायचं असेल तर नोझल खाली धरून फक्त बुडख्यावर मारा आणि संवर्धन आठ-दहा दिवसांनी, दुसऱ्या पाण्याच्या आधी टाका. मागचं पीक निरोगी असेल तर मी औषध टाळून संवर्धनच टाकायच्या बाजूचा आहे. एका पंपात दोन्ही मिसळणं तर कधीच नको.

तिसरं, युरिया आणि सुपर. टन पाल्याला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं संवर्धन, हे प्रमाण महाराष्ट्रातल्या ऊस संशोधनातून आलं आहे आणि आपल्या काळ्या जमिनीलाही चालतं. एकराला ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर, ४ किलो संवर्धन धरा. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, म्हणजे पाऊण पोत्याला थोडं कमीच. युरिया पाल्यावर फोकायचा आणि त्याच दिवशी पाणी द्यायचं. कोरड्या पाल्यावर युरिया दोन-तीन दिवस पडून राहिला की त्याचा अमोनिया होऊन उडून जातो, नाकाला वासही येतो. थ्री फेज कधी येणार हे आधी बघा, मग पोतं फोडा.

संवर्धन पावडरीचं असेल तर तसंच वाऱ्यावर उडवू नका. चार किलो पावडर चार-पाच बुट्ट्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात कालवा, सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा, मध्ये एकदा हलवा. शेणखतावर पांढरट बुरशी धरली की ते चांगलं मुरलं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सरीत विस्कटा. युरिया आणि संवर्धन एकाच घमेल्यात कालवायचं नाही.

चौथं, पाणी आणि दाब. पहिलं पाणी सरीतून सावकाश सोडा. पाल्यामुळं ते अडतं, एखाद्या ठिकाणी तुंबतं, म्हणून खोरं घेऊन माणूस उभा पाहिजे. दुसऱ्या दिवशी पाला मऊ पडतो, तेव्हा सरीतून चालत तो पायानं दाबत न्या. हे काम लोक हमखास टाळतात आणि निम्मं यश इथंच अडकतं, कारण मातीला न टेकलेला पाला वर्षभर तसाच राहतो. ठिबक असेल तर लॅटरलच्या ओळीपासून दूर पडलेला पाला कोरडाच राहणार. तिथं महिन्यातून एकदा पाटानं पाणी देणं जमत असेल तर द्या, नाहीतर तो पाला नुसतं आच्छादन म्हणून धरा. मल्चरनं कुट्टी करून घेतलीत तर दाबायचं काम सोपं होतं आणि कुजण्याचा काळही कमी होतो.

पाचवं, तुटाळी. फूट-सव्वाफुटापेक्षा मोठी जागा रिकामी दिसली की पिशवीतली किंवा ट्रेमधली रोपं लावून सांधा. महिना उलटल्यावर लावलेलं रोप शेजारच्या उसाखाली दबून जातं.

सहावं, पहारीनं खत. पंधरा-वीस दिवसांनी वाफसा असताना खोडव्याचा अर्धा हप्ता बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर, पहारीनं अर्धा फूट खोल भोक पाडून, फुटा-फुटावर द्यायचा आणि भोक पायानं बुजवायचं. उरलेला हप्ता सव्वाचार ते साडेचार महिन्यांनी, समोरच्या बाजूनं. खत पाल्यावर फोकून दिलं तर ते जिवाणूंनी आणि तणांनी खाल्लं समजा. पाल्याला टाकलेला युरिया या हप्त्यातून वजा करू नका, तो उसासाठी नव्हे, पाल्यासाठी होता.

तीन आठवड्यांनी सरीत हात घालून बघा. वरचा थर अजून पिवळा आणि चरचरीत असेल, त्यानं घाबरायचं कारण नाही. तो उचलला की खालची पानं तपकिरी, लिबलिबीत, एकमेकांना चिकटलेली. पान आणि माती यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. चिमटीत धरून ओढलं की पान शिरेपाशी तुटतं. वास पहिल्या पावसाच्या मातीचा आला पाहिजे. आंबूस किंवा अंड्यासारखा वास येत असेल तर पाणी साचलंय, हवा नाही. पाण्याची एक पाळी चुकवा. धागेच नसतील आणि पाला कोरडा असेल तर संवर्धन परत टाकण्याआधी पाणी द्या. मूठभर कुजका पाला पिळून बोटांत ओल जाणवली, एखादा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त.

नोव्हेंबर-डिसेंबरात तुटलेल्या उसाचा पाला थंडीत रेंगाळतो, फेब्रुवारीनंतर वेग घेतो आणि एकूण चार-पाच महिन्यांत मातीत जातो. मार्चमध्ये तुटलेल्या फडाचं वेगळं आहे. विहिरी खाली गेलेल्या असतात, ऊन तापलेलं असतं. तिथं कुजवायच्या मागं लागू नका. पाला आच्छादन म्हणून ठेवा, त्यानं दोन पाण्यांतलं अंतर वाढतं, आणि युरिया-संवर्धन जूनचा पाऊस लागल्यावर टाका. मात्र कोरड्या पाल्याला ठिणगीचं भय असतं. वरून विजेची तार जात असेल तर तिच्या खालची आणि बांधाकडची पाच-सहा फुटांची पट्टी पाल्यापासून मोकळी ठेवा.

दूधगंगा, वेदगंगा, कृष्णाकाठच्या मळीच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या, रानांना आणखी एक सूचना. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितला त्यांना ठाऊक आहे की न कुजलेला पाला पाण्यावर तरंगत रानाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तिथला ऊस लोळवतो. अशा रानात जानेवारीनंतर तुटलेल्या उसाचा पाला सरीत ठेवण्यापेक्षा निम्मा बाहेर काढून ढीग घालणं शहाणपणाचं.

द्रावण घरी वाढवायचं असेल तर

गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्रानं २०१५ मध्ये वेस्ट डीकंपोझर बाहेर आणलं, तेव्हापासून टिपाडातलं द्रावण आपल्याकडं बरंच पसरलं. रीत सोपी आहे. २०० लिटरचं प्लास्टिकचं टिपाड सावलीत ठेवायचं, लोखंडी नको. विहिरीचं किंवा नदीचं पाणी घ्या. क्लोरीनचं नळाचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. त्यात २ किलो गूळ विरघळवा. गुऱ्हाळावरचा काळसर, हायड्रोस (रंग पिवळा करायची पावडर) न घातलेला गूळ बघा, पिवळाधमक पेटीचा गूळ इथं वाया जातो. बाटलीतलं कल्चर टाका, लाकडी काठीनं ढवळा, तोंडाला कापड बांधा. सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. उन्हाळ्यात पाच दिवसांत, थंडीत आठ-दहा दिवसांत वर फेस येतो, रंग बदलतो आणि आंबूस-गोड वास येतो. एकराला २०० लिटर पाटाच्या पाण्यातून किंवा गाळून पंपानं द्यायचं. तळाशी २० लिटर ठेवून पुन्हा गूळ-पाणी घातलं की नवं टिपाड तयार होतं, पण ही साखळी अखंड चालवू नये असं माझं मत आहे. प्रत्येक वेळी हवेतले, काठीवरचे इतर जिवाणू शिरतात. तीन-चार फेऱ्यांनंतर आत मूळ कल्चर किती उरलंय हे कुणी सांगू शकत नाही.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा डीकंपोझरही त्याच जातीचं, गूळ-बेसनावर वाढवायच्या बुरशींचं. ते उत्तरेतल्या भाताच्या पेंढ्यासाठी केलेलं आहे, तरी आपल्या भातालाही चालावं. घरी गाई-म्हशी असतील तर १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि २०० लिटर पाणी, असं दोन-तीन दिवसांचं जीवामृतही पाल्याला लागू पडतं. बाटली मिळाली नाही म्हणून काम अडवून ठेवू नका.

भाताचं रान

येळ्ळूर, उचगाव, कडोली भागात आणि खानापुरात विळ्यानं कापलेल्या भाताला कुजवायचं फारसं काही उरतच नाही. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, जनावरांना जातं आणि चार बोटांची धसकटं पुढच्या नांगरटीत मुरतात. तिथं बाटलीवर खर्च करू नका. प्रश्न आहे तो कापणी यंत्र फिरलेल्या रानाचा. फूट-दीड फुटाचं खुंट उभं राहतं आणि मागं पिंजराचे पट्टे पडतात.

त्या रानात लगेच मसूर, वाटाणा किंवा हरभरा पेरायचा असेल तर पिंजर मातीत गाडू नका. अंगओल आठ-पंधरा दिवसांत उतरते, कुजण्याची वाट बघायला वेळ नाही, आणि अर्धवट कुजलेलं पिंजर कोवळ्या मसुराचं नत्र ओढतं. पट्टे गोळा करून गंजीला किंवा खड्ड्यात न्या आणि पेरून मोकळे व्हा. रब्बी घ्यायचाच नसेल तर पिंजर रानभर विस्कटून ठेवा आणि वळवाची वाट बघा. कोरड्या रानात डिसेंबरला मारलेलं द्रावण ऊन खातं. एप्रिल-मेमध्ये पहिला दमदार वळीव झाला की एकरी ८ ते १० किलो युरिया, संध्याकाळी २०० लिटर द्रावण, आणि दुसऱ्या दिवशी वाफशावर उथळ रोटर. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी करणाऱ्यांनी हे पहिल्या वळवालाच उरकावं. रोप लावणाऱ्यांना थोडा जास्त वेळ मिळतो, पण चिखलणीआधी किमान तीन आठवडे मोकळे ठेवा. कच्चं पिंजर पाण्याखाली गेलं की सेंद्रिय आम्लं तयार होतात, रानात बुडबुडे येतात, रोपाची मुळं काळपट पडतात आणि लावणीनंतर रोप सावरत नाही.

सोयाबीन, मका आणि तंबाखू

सोयाबीनची पानं रानातच गळून आपोआप कुजतात. मळणीचं भुस्कट जनावरांना किंवा आल्या-हळदीच्या आच्छादनाला चांगलं जातं, ते कुजवायला घालणं म्हणजे चांगला माल उकिरड्यावर टाकणं. फक्त मर आणि खोडकूज लागलेली झाडं त्यात मिसळू देऊ नका. मोहरीएवढ्या तपकिरी गाठींची बुरशी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते. अशी झाडं ढिगाच्या मधोमध, जिथं उष्णता जास्त असते तिथं घाला.

मक्याची धाटं जाड आणि कडक. अख्खी गाडली तर पुढच्या पेरणीला कुरीत अडकतात. कुट्टी करून जनावरांना, किंवा रोटरनं बारीक करून टनाला ८ किलो युरियाचंच गणित. उभी धाटं ठेवणं वाईट, कारण खोडकिडीच्या अळ्या त्यांतच मुक्काम करतात.

निपाणीच्या तंबाखूच्या देठांबाबत मात्र मी कडक आहे. पानं काढल्यावर उभी राहिलेली खोडं मोझॅक विषाणूचं आगर असतात आणि हा विषाणू वाळलेल्या अवशेषांतही टिकतो. ते मिरची, टोमॅटो किंवा रोपवाटिकेच्या जवळपासही नेऊ नका. त्यांचं खत ऊस, ज्वारी, मक्याच्या रानालाच घाला. तंबाखूच्या मुळांवर जगणारं बंबाखू हे तण उगवलं असेल तर फुलोऱ्याआधी उपटा. त्याचं बी धुळीइतकं बारीक असतं आणि साध्या ढिगात मरेल याचा भरवसा नाही, त्यामुळं बी धरलेला बंबाखू कुजवायला अजिबात घालायचा नाही.

ढीग घालायचा असेल तर

रुंदी चार-पाच फूट, उंची साडेतीन-चार फूट, लांबी जागेप्रमाणं. खाली जाड धाटं, वर वीतभर अवशेषाचा थर, त्यावर शेणकाला आणि संवर्धन, असे थर चढवत न्या. प्रत्येक थर भिजवून मगच पुढचा. आठवड्यानं मध्ये पहार खुपसून दहा मिनिटांनी ओढा. हाताला चटका बसला तर ढीग चालू झाला. गारच असेल तर पाणी किंवा शेण कमी पडलंय. महिन्यानं एकदा पालथा घाला. तीन-चार महिन्यांत चहाच्या पुडीसारखं काळसर खत मिळतं. खानापूर, जांबोटीच्या पावसात ढीग जूनआधी झाका, नाहीतर निम्मा कस ओढ्याला मिळतो.

ढिगात पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की लोक हुमणी म्हणून खत टाकून देतात. अंगठ्याएवढी, मंद, शेणात वळवळणारी अळी बहुतेक वेळा गेंडा भुंग्याची असते. ती कुजकं खाते, उसाची मुळं नाही, पण नारळाला तिचा भुंगा वाईट. मुळं खाणारी हुमणी रानात सापडते. दोन्हींवर मेटारायझियम (किडीला मारणारी बुरशी) चालतं आणि ते खतातच मिसळून देता येतं. कच्चं शेण रानात टाकलं की मात्र हुमणी नक्की वाढते.

खरेदी

पुडा हातात घेतला की आधी तयार केल्याची आणि मुदतीची तारीख बघा. ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू हवेत, ते पुड्यावर छापलेलं असतं. उन्हात मांडलेला किंवा खताच्या पोत्यांवर ठेवलेला पुडा घेऊ नका. छपाई कन्नडमध्ये असली तर दुकानदाराकडून तारीख आणि मात्रा वाचून घ्यायला लाजू नका. होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे सरकारी शेतकरी केंद्रात, सवलतीच्या दरानं निविष्ठा मिळतात, त्यासाठी फ्रूट्स आयडी, म्हणजे कर्नाटकचा शेतकरी नोंदणी क्रमांक, लागतो. कोल्हापूरच्या मेळाव्यात ऐकलेलं महाराष्ट्राचं अनुदान आपल्या कर्नाटकातल्या उताऱ्याला मिळत नाही, हे लक्षात ठेवून जा. अडलंच तर धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचं संकेश्वरचं आणि निपाणीचं कृषी संशोधन केंद्र, आणि मत्तीकोप्प व तुक्कानट्टीची कृषी विज्ञान केंद्रं आहेत. जाताना सरीतला मूठभर पाला पिशवीत बांधून न्या, तोंडी वर्णनावरून तिथल्या माणसालाही काही सांगता येत नाही.